वन्संचं माप

तो सिनेमा तुम्ही पाहिलाच असणार. गाण्यामागून गाणी, मावशी नावाची एक लठ्ठ स्वयंपाकीण, ती टेकेल तिथं मोडणाऱ्या खुर्च्या आणि पोट धरून खिदळणारं थिएटर. नाव घेत नाही. त्याची जाहिरात करायला इथं कोणी नेमलेलं नाही. हसला असाल तर तुमचं हसणं तुम्हाला लखलाभ. पण एवढ्या हसणाऱ्या गर्दीत एका बाईला हसण्यासारखं काही म्हणता काही सापडलं नाही, आणि मावशीचं ते अंग तर तिनंच स्वतःच्या हातांनी शिवलं होतं. तिची ही गोष्ट. ऐकून बरं वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तिला सगळे टाचणी म्हणत. अंगानं तशीच, ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, आणि तोंड उघडलं की कोणाला तरी टोचल्याशिवाय मिटत नसे. सिनेमाच्या कपडेपटात शिवणकाम करायची. लांबलचक खोली, एका भिंतीला पत्र्याची कपाटं, दुसरीला खुंट्यांवर राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांचे कपडे, खिडकीखाली ओळीनं मशीनं आणि कोपऱ्यात दिवसभर फुसफुसणारी इस्त्री. बाईच्या हातात जादू होती, यात वाद नाही. आणि अंगात एक ताठाही होता: एकदा घेतलेलं माप ती पुन्हा घेत नसे. "तुमचं माप आहे माझ्याकडे," म्हणायची आणि कपाळावर बोट ठेवायची. एखादा नट वर्षा-दोन वर्षांनी पोट सुटून यायचा, सदऱ्याची बटणं लागायची नाहीत, मग कुरकुर करायचा. टाचणी ओठांतल्या टाचण्या न काढता म्हणायची, "माप बरोबर आहे. तुम्ही चुकलात." कपडेपट फिदीफिदी हसायचा आणि नट मुकाट्यानं पोट आत ओढायचा.

घरी मात्र तिची डाळ शिजत नसे. घरी वन्सं होत्या. नवऱ्याची थोरली बहीण. वजन किती ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, पण त्या आत आल्या की खोली आपोआप लहान व्हायची. बालवर्गाला शिकवायच्या. आईबाप लवकर गेले, धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, मार्गाला लावलं, त्याचं लग्न करून दिलं. स्वतःचं राहून गेलं. "राहून कसलं गेलं!" त्या सांगायच्या. "आले होते की मला बघायला. म्हणाले, मुलगी पसंत आहे, पण आमचं दार लहान पडेल. मी म्हटलं, दार मोठं करून घ्या. तर म्हणाले, घर भाड्याचं आहे." हे सांगून स्वतःच एवढ्या हसायच्या की ऐकणाऱ्याला वाईट वाटायला सवडच मिळायची नाही.

टाचणी लग्न होऊन घरात आली तेव्हा वन्संनी आपली खिडकीची खोली रिकामी करून तिथं तिचं मशीन मांडलं आणि स्वतःची गादी बाहेरच्या खोलीत टाकली. "तुम्ही कुठं झोपणार, वन्सं?" नव्या नवरीनं घाबरत विचारलं. "माझं काय गं, मी कुठंही मावते," वन्सं म्हणाल्या. टाचणीला हसावं की नाही कळेना. मग ती हसली, आणि तिथून त्या दोघींचं जमलं. भाऊ बिचारा बुद्धिबळातला राजा, नावाचा. घर चालायचं ते या दोघींच्या बडबडीवर.

आता खुर्चीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन अडकतं.

लठ्ठ माणूस खुर्च्या मोडतो असं तुम्हाला वाटतं ना? तुम्ही कधी लठ्ठ माणसाला बसताना पाहिलंच नाही. वन्संनी जन्मात एक खुर्ची मोडली नाही. त्यांना गावातल्या प्रत्येक खुर्चीची कुंडली पाठ. डॉक्टरांकडे भिंतीला टेकलेलं लाकडी बाकडं, शाळेत लोखंडी पायांची ती एकच, शेजारणीकडे पलंगाची उशाकडची बाजू. नवी खुर्ची पुढ्यात आली की त्या आधी पाठीवर तळहात ठेवायच्या, जरा दाबायच्या, सांधा कुठं कुरकुरतो ते कान देऊन ऐकायच्या. मग खुर्चीलाच विचारायच्या, "बसू का गं बाई?" आणि नाकातून बारीक आवाज काढून खुर्चीच्या वतीनं उत्तर द्यायच्या, "बस हो, पण दोन हप्त्यांत." मग खरंच दोन हप्त्यांत बसायच्या, आधी काठावर, मग सावकाश मागं. ज्या घरी जात तिथं माणसं खुर्ची पुढं करून वाट बघत उभी राहायची, वन्सं आज काय म्हणतात म्हणून. बालवर्गातली पोरं तर त्यांच्याबरोबर एका सुरात ओरडायची, "दोन हप्त्यांत!" बाई हुशार होती. लोकांनी हसण्याआधी ती हसवून मोकळी व्हायची, आणि हसू तिच्या मुठीत राहायचं.

मग तो सिनेमा आला. दिग्दर्शक उंच, घाईचा, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पाहणारा. त्याला मावशी हवी होती लठ्ठ, पण नटी लठ्ठ नको होती. लठ्ठ बाईला एवढ्या गाण्यांत नाचवत कोण बसणार? म्हणून काडीसारखी एक नाचणारी निवडली आणि कपडेपटाला फर्मावलं, हिला फुगवा.

कपडेपटात अशा कापसाच्या अंगाला गादी म्हणत. चष्मेवाल्या कारागिरानं एक गादी केली. नटीनं ती चढवली तर गोधडीत गुंडाळलेलं मांजर दिसायला लागलं. दुसरी केली, ती पोटाशी उशी बांधल्यासारखी. दिग्दर्शक पाय आपटून निघून गेला. कपडेपटाचे मास्तर म्हातारे झाले होते, महिन्याभरात काम सोडणार होते. दाराशेजारची हातांची मोठी खुर्ची त्यांची. तिच्यावर बसणाऱ्याच्या हाताखाली सगळी खोली. मास्तरांनी कारागिराकडे पाहिलं, टाचणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "गादी जो जमवेल, त्याची ही खुर्ची."

टाचणी घरी आली. वन्सं ओट्यापाशी उभ्या राहून भाजी चिरत होत्या. पाठमोऱ्या. खांद्याखाली मांस कसं वळतं, कोपराशी कसं दुमडतं, वाकल्या की कमरेवर कुठं घडी पडते, हे टाचणी इतकी वर्षं बघत आली होती आणि तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्हाला एक झगा शिवते. शाळेच्या समारंभाला घाला."

वन्संनी सुरी खाली ठेवली. एवढ्यातेवढ्यावर कोटी करणारी बाई, पण या वेळी ती कोरडेच हात पुन्हा पुन्हा पुसत राहिली. कारण असं की वन्सं कोणाला माप देत नसत. तरुणपणी एका दुकानात गेल्या होत्या, तिथल्या शिंप्यानं आकडा ओरडून सांगितला, आतल्या लिहिणाऱ्यानं "किती?" म्हणून पुन्हा विचारला आणि दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. त्यानंतर त्या तयार कपडे घ्यायच्या, ढगळ, बाप्यांच्या मापाचे. "आमच्या मापात देवानं एकच रंग केलाय," म्हणायच्या, "तपकिरी." त्याच वन्सं दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर स्वतः जाऊन कापड घेऊन आल्या. मोरपंखी, त्यावर पांढऱ्या बारीक कळ्या. टाचणीच्या हातात देताना लाजल्या. "फार भडक नाही ना गं?" त्यांनी विचारलं.

खिडकीच्या खोलीचं दार लावून टाचणीनं माप घेतलं. वन्सं हात वर करून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. "टेप पुरतोय का? की शेजारणीचाही मागून आणू?" त्या म्हणाल्या. पण डोळे काही उघडले नाहीत. टाचणीनं छाती घेतली, कंबर घेतली. मग दंड घेतला, तीन ठिकाणी. पाठीवरच्या घड्या घेतल्या. बसायला सांगून मांडी घेतली, बसल्यावर पोट मांडीवर कुठवर येतं ते घेतलं.

"झग्याला मांडीचं माप कशाला गं?"

"घेर नीट पडतो, वन्सं."

"असेल बाई. तुझं तुला ठाऊक." आणि पुन्हा डोळे मिटले.

टाचणीला लाज वाटली का? वाटली, खोटं कशाला बोला. पण लाजेवर तिच्याकडे औषध होतं: झगा आपण शिवणारच आहोत की, मग फसवणूक कसली? माणूस स्वतःला फसवायला बसला की पहिलं कारण लगेच पटतं.

गादी अशी उतरली की कपडेपट बघत राहिला. नटीनं चढवली आणि खोलीत एक वेगळीच बाई येऊन उभी राहिली. दिग्दर्शक तिच्याभोवती गोल फिरला. "अरे, ही तर खरी आहे!" म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा टाचणीच्या तोंडाकडे पाहून बोलला, "कुठं सापडली ही तुला?"

एवढ्यावर थांबायचं ना! पण कौतुक डोक्यात गेलं की बुद्धी पायात येते. टाचणी म्हणाली, "आहे एक ओळखीची." आणि तिनं दोन हप्त्यांची गोष्ट सांगितली, आवाज काढून. दिग्दर्शक हसला. "आणखी सांग," म्हणाला. तिनं दाराची गोष्ट सांगितली. तो हसत हसत तिच्या टेबलाशी आला, झग्यासाठी आणून तिथं घडी करून ठेवलेलं मोरपंखी कापड त्यानं उचललं, झटकून उलगडलं आणि नटीच्या खांद्यावर टाकलं. "हेच. मावशीला हेच पाहिजे."

ते माझ्या वन्संचं आहे, एवढंच म्हणायचं होतं. टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या. पुढं तिनं स्वतःला हेच सांगितलं, तोंडात टाचण्या होत्या म्हणून बोलता आलं नाही. जणू त्या कधी थुंकता येत नाहीत!

घरी तिनं सांगितलं, "कापडात खोट निघाली, वन्सं. विरलेलं होतं. आपण दुसरं आणू."

"असू दे गं," वन्सं म्हणाल्या. "तपकिरी आहे की." समारंभाला तपकिरीच घालून गेल्या. तोवर टाचणी मास्तरांच्या खुर्चीवर बसली होती. वन्संनीच शेजारीपाजारी सांगितलं, आमच्या भावजयीला मोठी जागा मिळाली म्हणून.

नटी गादी काढून घामाघूम व्हायची, पंख्याखाली हातपाय पसरून म्हणायची, "शी! ही माणसं जगतात तरी कशी?" आणि नव्या मास्तरीणबाई हसून म्हणायच्या, "हो ना."

सिनेमा लागला तेव्हा तिकिटं वन्संनीच काढली. शाळेतल्या बायांना सांगून आल्या, कपडे सगळे आमच्या घरचे आहेत, नीट बघा. टाचणीनं डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, पाय मुरगळला म्हणून पाहिलं. वन्सं ऐकतात कसल्या! दुपारचा खेळ. कडेची खुर्ची वन्संची, तिचा एक हात तुटलेला होता म्हणून ती त्यांच्या सोयीची. मधे टाचणी, पलीकडे नवरा. वन्संनी खुर्चीच्या पाठीवर तळहात ठेवला. "बसू का गं बाई? बस हो, पण दोन हप्त्यांत." पुढच्या रांगेतली अनोळखी माणसं वळली आणि मनापासून हसली. हे लक्षात ठेवा, कारण त्या थिएटरात त्या दिवशी झालेला विनोद तेवढाच.

पडद्यावर मावशी आली. काही बोलली नाही, काही केलं नाही, नुसती दारात आली, तर थिएटर कोसळलं. वन्संही हसल्या. टाचणीच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाल्या, "अगं, ही तर माझी बहीणच!" मग मावशी उजेडात आली आणि तिच्या अंगावरचं मोरपंखी कापड लखलखलं, पांढऱ्या कळ्यांसकट. वन्संचा हात टाचणीच्या गुडघ्यावर होता. तो तिथंच राहिला, फक्त जड झाला.

मावशीनं खुर्ची ओढली. नाकातून आवाज काढून म्हणाली, "बसू का गं बाई?" आणि उडी मारून धपकन बसली. खुर्चीचे तुकडे. लोक शिट्या मारायला लागले. मग दुसरी खुर्ची, मग बाक, मग झोपाळा, मग पाहुण्यांनी भरलेली होडी. दर वेळी तीच उडी, तोच धप्प आवाज, आणि भोवती सगळे फेर धरून नाचतायत:

"सरका सरका, भिंत धरा,
मावशी बसतेय, देव स्मरा!"

टाचणी अंधारात बघत होती आणि तिला पहिल्यांदा दिसत होतं की यात हसण्यासारखं काही नाही. अंग हुबेहूब होतं, वळ्या होत्या तिथं होत्या, पण आत कापूस होता. कापूस उड्या मारतो. वन्संचं अंग त्यांनी जन्मभर वाहिलं होतं, म्हणून पाऊल टाकताना त्यांना अख्ख्या घराची काळजी. पडद्यावरच्या मावशीला तर खुर्ची म्हणजे काय तेही कळत नव्हतं. खुर्ची मोडणार हे हजार माणसांना आधी ठाऊक, नाही ठाऊक ते एकट्या तिलाच. वन्संच्या गोष्टीत खुर्ची "बस हो" म्हणायची. ते "बस हो" तेवढं काढून टाकलं होतं. अहो, मग उरलं काय? एक बाई पडते आणि बाकीचे बघतात. याला विनोद म्हणायचा तर रस्त्यात घसरणाऱ्या म्हातारीलाही टाळ्या द्या.

पण थिएटर हसत होतं, मेलं! टाचणीचा नवराही हसत होता, डोळे पुसत होता. त्यानं वाकून बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, अगदी तुझीच गंमत उचललीय गं यांनी!" त्याला यात काही गैर दिसलं नाही. काही माणसांना देव डोळे देतो ते नुसते पुसायला.

दिवे लागले. वन्सं उठल्या, दोन हप्त्यांतच. टाचणीकडे न बघता म्हणाल्या, "काम छान झालंय गं. शिवण कुठंच दिसत नाही." जिन्यात गर्दी होती. वरून कोणीतरी ओरडलं, "सरका सरका, भिंत धरा!" आणि गर्दी खरोखर भिंतीला चिकटली, हसत, वन्संना वाट करून देत. मघाशी पुढच्या रांगेत मनापासून हसलेली माणसंही त्यात होती. वन्सं एकेक पायरी उतरून खाली गेल्या.

घरी टाचणीनं पाय धरले असते तर? ते तिच्याकडून झालं नाही. ती म्हणाली, "वन्सं, ते कापड..." वन्सं म्हणाल्या, "विरलेलं नव्हतं ना? मग झालं तर." आणि दिवा मालवला. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला शेवट असतो.

पुढं ते गाणं घरोघर गेलं. दुकानात, रस्त्यात, लग्नाच्या मांडवात. बालवर्गातली पोरं काय, पोरंच ती. वन्सं वर्गात आल्या की भिंत धरायची. त्यांना वाटायचं बाईंना आवडेल. वन्संनी "बसू का" म्हणणं सोडलं, कारण त्यांनी म्हटलं की आता लोक खुर्ची मोडायची वाट बघायचे. मग बसणंच सोडलं. शिकवायच्या उभ्यानं, कोणाच्या घरी गेल्या तर दारातून परत फिरायच्या. मग जेवणही सुटत गेलं. ताटात घास राहायचा, मग अर्धं ताट राहायला लागलं. हळूहळू अंग उतरलं. डॉक्टरांना काही सापडेना. ते म्हणाले, बरंच आहे की, हलक्या झाल्या. शेजारणी विचारायच्या, काय करता हो, आम्हालाही सांगा. घरात बडबड थांबली. नवरा टाचणीला म्हणायचा, "ताई हल्ली फार रुक्ष झालीय, नाही? पूर्वी किती हसवायची!" आणि दाढी करताना तेच गाणं गुणगुणायचा.

टाचणीला हवं होतं एकच. वन्संनी एकदा, फक्त एकदा, पूर्वीसारखं काहीतरी म्हणावं आणि आपण दोघींनी हसावं. त्याशिवाय मास्तरांच्या खुर्चीत तिला चैन पडेना. आणि तिनं ठरवलं, झगा शिवायचा. कबूल केलेला झगा.

तिनं गाव पालथं घालून तसंच मोरपंखी कापड शोधून काढलं. कपडेपटात, काम संपल्यावर, सगळं कसब ओतून शिवला. गळ्याला हातशिलाई, बाह्यांना आतून मऊ पट्टी, घडी पडते तिथं कापड बोचू नये म्हणून तिरपा काप. माप विचारायचा प्रश्नच नव्हता. वन्संचं माप कपाळात होतं. शिवाय गादी खुंटीवर होतीच; तिनं झगा तिच्यावर चढवला, टाचण्या लावल्या, उतरवला, पुन्हा चढवला. खुंटीवरच्या त्या गुबगुबीत अंगावर झगा असा बसला की टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं. रोज जेवायला समोर बसणारी बाई रोज बारीक होत होती, ताटं टाचणीच उचलत होती, आणि हिला ते सुचलं नाही. वन्सं म्हणजे हिच्या लेखी खुंटीवर होती ती.

सुट्टीचा दिवस होता. नवरा पेपर वाचत बसला होता. टाचणीनं झगा वन्संच्या पुढ्यात ठेवला. वन्संनी कळ्यांवरून हात फिरवला. उचलला आणि खिडकीच्या खोलीत जाऊन दार लावलं. टाचणी बाहेर उभी. किती वेळ कोण जाणे, तिला तर युग वाटलं.

दार उघडलं. झग्यात वन्सं होत्या, म्हणजे कुठंतरी आत होत्या. गळा एका खांद्यावरून घसरलेला, बाह्या पंख्यासारख्या, आणि दोन्ही बाजूंचं कापड दोन्ही मुठींत गच्च धरलेलं, नाहीतर पायात आलं असतं. नवऱ्यानं पेपर खाली केला. त्याचे गाल फुगायला लागले.

"हसू नकोस रे," वन्सं म्हणाल्या. जुना आवाज, नाकातून, खुर्चीचा. "माप बरोबर आहे. बाईच चुकीची आलीय."

नवरा फुटलाच. मांडीवर थापा मारत हसला. आणि टाचणीही हसली. वर्षभर दाबून धरलेलं हसू, वन्सं परत आल्या म्हणून, बोलल्या म्हणून; हसता हसता तिला रडू आलं आणि रडता रडता ती पुन्हा हसली. तो विनोद खरोखर चांगला होता. मग तिच्या लक्षात आलं की वन्सं हसत नाहीयेत. वन्सं तिच्याकडे बघत होत्या, शांतपणे, ही किती वेळ हसते ते बघावं तशा.

हसू थांबलं तेव्हा वन्सं चालत नवऱ्याशेजारच्या वेताच्या खुर्चीशी आल्या. पाठीला हात लावला नाही, काही विचारलं नाही. धपकन बसल्या. खुर्चीनं हूं की चूं केलं नाही.

"बघ," वन्सं म्हणाल्या. "आता विचारावं लागत नाही."

मग आत गेल्या, झगा काढला, नीट घडी केली आणि टाचणीच्या हातात आणून ठेवला. अंगात पुन्हा तपकिरी. "ने परत," म्हणाल्या. "तिच्या अंगावर शिवलायस, तिलाच होईल. वाया कशाला घालवायचा!"

टाचणीनं तो कपडेपटात नेला आणि कपाटात तळाशी ठेवून दिला. त्यानंतर वन्सं तिच्याशी कामापुरतं बोलायच्या, मीठ दे, दार लाव, एवढंच. पुढच्या पावसाळ्यात सिनेमाचा दुसरा भाग निघाला. घाई होती, मावशीचा नवा कपडा अजून बेतलाही नव्हता, आणि दिग्दर्शक दारात उभा राहून घड्याळ बघत होता. टाचणी खुर्चीतून उठली, कपाट उघडलं, तळाचा झगा काढला आणि गादीवर चढवला. एक टाचणीसुद्धा लावावी लागली नाही.

दुसऱ्या भागात मावशी त्याच झग्यात आहे. लोक म्हणतात, पहिल्यापेक्षा हा जास्त हसवतो.